हातट्रिमर चालवायला कोणते पॉवर टूल घ्यावे : पुंगळ्या छाटणाऱ्यांसाठी एक परीक्षण

अमेरिकेत रायफलीची काडतुसे घरी पुन्हा भरणाऱ्या नेमबाजाला सर्वांत कंटाळवाणे काम कोणते असे विचारले, तर बहुतेक जण पुंगळ्यांची, म्हणजे काडतुसांच्या पितळी कवचांची, लांबी छाटण्याचेच नाव घेतील. फॉर्स्टर, लायमन, आरसीबीएस, विल्सन, ली या कंपन्यांचे हाताने फिरवायचे ट्रिमर, म्हणजे ही छाटणी करणारी साधने, उत्तम असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. पण शंभर पुंगळ्यांनंतर मनगट बोलू लागते आणि नजर आपोआप भिंतीवर टांगलेल्या ड्रिलकडे वळते. हँडल काढून तिथे कोणते यंत्र जोडावे, एवढ्याच प्रश्नाचे हे परीक्षण आहे. इथल्या मराठी मंडळींपैकी स्पर्धेसाठी किंवा शिकारीसाठी रायफल बाळगणारे थोडेच आहेत, आणि त्यांतही स्वतः काडतूस भरणारे त्याहून थोडे. पण बाजारात मिळणाऱ्या अर्धा डझन प्रकारांतून एक निवडताना होणारा गोंधळ सर्वांचा सारखाच असतो.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. शस्त्र कायदा, १९५९ अन्वये भारतात परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत, त्यामुळे हा छंद तिथे घरगुती नाही. शिवाय २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्याचे प्रायमर (बारूद पेटवणारा स्फोटक पदार्थ) बुडाच्या कडेतच भरलेले असल्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेतही जे कायमचे रहिवासी नाहीत आणि तात्पुरत्या व्हिसावर आहेत, त्यांना काही अपवाद वगळता बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास संघराज्य कायद्याची मनाई आहे. त्यांनी खरेदीच्या आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

छाटणी का करावी लागते, हे थोडक्यात सांगतो. गोळी झाडली की दाबामुळे पितळ चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतींना चिकटते, आणि नंतर डाय नावाच्या साच्यात घालून पुंगळी पुन्हा मूळ आकारात आणताना ते पितळ मानेच्या, म्हणजे गोळी पकडणाऱ्या अरुंद टोकाच्या, दिशेने पुढे सरकते. म्हणून प्रत्येक फेरीत पुंगळी किंचित लांब होते. .२२३ रेमिंग्टन या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी १.७६० इंच आणि छाटून आणायची लांबी १.७५० इंच आहे. .३०८ विंचेस्टरसाठी हेच आकडे २.०१५ आणि २.००५ इंच, तर .३०-०६साठी २.४९४ आणि २.४८४ इंच असे आहेत. कमाल मर्यादा ओलांडलेली पुंगळी चेंबरच्या पुढच्या टोकाला जाऊन अडते, तिचे तोंड गोळीभोवती आवळले जाते, गोळी मोकळेपणाने सुटत नाही आणि दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो.

या आकड्यांमध्येच यंत्राच्या निवडीचे सूत्र दडलेले आहे. कमाल लांबी आणि छाटलेली लांबी यांत फरक आहे तो अवघ्या ०.०१० इंचाचा, म्हणजे पाव मिलिमीटरचा. एका फेऱ्यात कटर ०.०२ मिलिमीटर पितळ काढते असे धरले, तरी तेरा फेऱ्यांत एक पुंगळी पूर्ण होते. मिनिटाला ३५० फेरे देणाऱ्या यंत्राला त्यासाठी सव्वादोन सेकंद पुरतात, आणि १,५०० फेरे देणाऱ्याला अर्धा सेकंद. वाचणारा वेळ दोन सेकंदांपेक्षा कमी. उलट पुंगळी उचलणे, पकडीत बसवणे, काढणे आणि डब्यात टाकणे यांत त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. त्यामुळे जाहिरातीत ठळकपणे छापलेला कमाल वेग या कामात जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

कापण्याच्या दृष्टीनेही जास्त वेगाची गरज नाही. .३०८च्या मानेचा व्यास साधारण ८.७ मिलिमीटर असतो. ३५० फेऱ्यांना कटरच्या धारेचा वेग मिनिटाला साडेनऊ मीटरच्या आसपास, आणि १,५०० फेऱ्यांना सुमारे ४१ मीटर होतो. हायस्पीड स्टीलचे कटर पितळात हे दोन्ही वेग सहज पेलते, म्हणजे मर्यादा कटरची नाही. मर्यादा आहे ती पातळ मानेची आणि हाताची. पुंगळीचे पितळ हे सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेले, खेचायला उत्तम पण कापायला चिवट असे मिश्रण आहे. लेथवर नळाचे भाग बनवतात त्या शिसेमिश्रित पितळासारखा त्याचा चुरा पडत नाही, तर लांबट, धारदार तारा निघतात. वेग जास्त आणि दाब हलका असला की कटर कापण्याऐवजी घासते, मान थरथरते आणि तोंडाच्या काठावर लाटा उमटतात. वेग उतरवून हात किंचित ठाम ठेवला, तर त्याच कटरने आरशासारखा काठ मिळतो.

यातून मी वापरत आलेली कसोटी अशी आहे : ज्या यंत्राचा ट्रिगर पूर्ण दाबल्यावर आपल्याला हवा तोच वेग मिळतो, ते यंत्र घ्यावे. ट्रिगर अर्धा दाबून वेग कमी ठेवता येतो हे खरे, पण अर्धा म्हणजे नेमका किती, हे बोट प्रत्येक वेळी वेगळे ठरवते. पहिल्या पुंगळीला ४०० फेरे, दहाव्या पुंगळीला ७०० आणि थकल्यानंतर सरसकट कमाल वेग, असे झाले की दाबही बदलतो आणि व्हर्नियरवर (बारीक मापे घेणाऱ्या मोजपट्टीवर) लांबीतली तफावत दिसू लागते. माझ्या मते पूर्ण ट्रिगरला मिनिटाला ३०० ते ५०० फेरे हा या कामाचा योग्य पट्टा आहे.

यंत्रांकडे वळण्यापूर्वी ट्रिमरमध्ये नेमके काय फिरते हे पाहिले पाहिजे, कारण त्यावर बरेच अवलंबून आहे. फॉर्स्टर, लायमन आणि आरसीबीएसच्या छोट्या लेथसारख्या ट्रिमरमध्ये पुंगळी बुडाने पकडलेली असते आणि कटरचा शाफ्ट फिरतो. विल्सनमध्ये पुंगळी अंगाच्या उतारावर घट्ट बसणाऱ्या एका नळीत ठोकून बसवतात आणि ती नळी रुळांवर ठेवतात. तिथेही फिरतो तो शाफ्टच. लीच्या स्वस्त संचात उलटे आहे. तिथे पुंगळीच तिचे बूड पकडणाऱ्या लॉक स्टडसह ड्रिलच्या चकमध्ये (बिट धरणाऱ्या जबड्यांत) फिरते, कटर हातात धरायचे, आणि लांबी ठरते ती फ्लॅश होलमधून, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या छिद्रातून, जाऊन स्टडवर टेकणाऱ्या पिनमुळे. ही पिन ठरावीक लांबीची असल्यामुळे जुळवायचे काहीच नसते, आणि म्हणूनच एकाच काडतुसावर काम करणाऱ्या नवशिक्याला मी आजही लीचाच संच सुचवीन.

सर्वांत लहान वर्ग आहे तो चार व्होल्टच्या स्क्रूड्रायव्हरचा. यातले सर्वांत स्वस्त स्क्रूड्रायव्हर मिनिटाला दोनशेच्या आतबाहेर फेरे देतात. त्यांनी काम होते, पण कटर बोथट असेल तर ते अडखळतात. मिलवॉकीचा एम४ हा मात्र वेगळ्या तोलामोलाचा आहे. त्याला २०० आणि ६०० असे दोन वेग आहेत, ठरावीक जोरानंतर सुटणारा क्लच आहे, आणि मूठ वळवून सरळ करता येत असल्यामुळे यंत्राचा आस शाफ्टच्या रेषेत येतो. विल्सनच्या ट्रिमरला पॉवर अॅडॉप्टर लावून असा सरळ स्क्रूड्रायव्हर जोडला, की डाव्या हाताने पुंगळीची नळी आणि उजव्या हाताने यंत्र अशी पकड इतकी स्वाभाविक बसते, की अचूक नेमबाजी करणाऱ्यांमध्ये ही जोडी का रूढ झाली ते लगेच कळते. बॅटरी लहान आहे, हा एकच तोटा. एका बैठकीत पन्नास-शंभर पुंगळ्या छाटणाऱ्याला तो जाणवणारही नाही.

माझी पहिली पसंती मात्र बारा व्होल्टच्या दोन गिअर असलेल्या छोट्या ड्रिलला आहे, आणि त्यातही बॉशच्या पीएस३१ या नमुन्याला. त्याचा खालचा गिअर ० ते ३५० आणि वरचा ० ते १,३०० फेरे देतो. म्हणजे खालच्या गिअरमध्ये ट्रिगर पूर्ण दाबला, की आपण बरोबर हव्या त्या पट्ट्यात असतो आणि बोटाला काहीही ठरवावे लागत नाही. पाव इंची षटकोनी बिटच पकडणाऱ्या स्क्रूड्रायव्हरपेक्षा याचा दहा मिलिमीटरचा तीन जबड्यांचा चक अधिक उपयोगी आहे, कारण काही ट्रिमरचे अॅडॉप्टर षटकोनी, तर काहींचे शाफ्ट गोल असतात, आणि लीचा स्टडही चकमध्येच आवळायचा असतो. वजन बॅटरीसह एक किलोच्या आसपास असल्यामुळे ट्रिमरच्या बेअरिंगवर ओझे लटकत नाही. क्लचला वीस पायऱ्या आहेत. त्यांतली पहिली किंवा दुसरी निवडली, तर पुंगळी अडकल्याक्षणी यंत्र टकटक करून थांबते, ना मान मुरगळते ना पायलट (कटरच्या पुढे मानेत शिरणारी कांडी) वाकतो. मिलवॉकीचा एम१२ मालिकेतला ० ते ५०० फेऱ्यांचा स्क्रूड्रायव्हरही याच तोडीचा आहे आणि ज्यांच्या ट्रिमरला षटकोनी अॅडॉप्टर आहे त्यांनी तो निःशंकपणे घ्यावा. पण दोन्हींपैकी एकच घ्यायचे असेल तर चक असलेले यंत्र घरातल्या इतर दहा कामांना येते, आणि आपल्याकडे खरेदी मंजूर होण्यासाठी हा मुद्दा नेहमीच निर्णायक ठरतो.

अठरा किंवा वीस व्होल्टचा ड्रिल घरात आधीच असेल, तर नवे काही घेण्याआधी त्याच्या खालच्या गिअरचा आकडा पाहावा. डिवॉल्टचा सर्वत्र दिसणारा डीसीडी७७१ पहिल्या गिअरमध्ये ० ते ४५० आणि दुसऱ्यात ० ते १,५०० फेरे देतो, म्हणजे वेगाच्या बाबतीत तो पूर्ण गुणांनी उत्तीर्ण आहे. अडचण आहे ती वजनाची. दीड किलोहून जड यंत्र एका हातात अधांतरी धरून शाफ्टच्या रेषेत ठेवायचे, हे पहिल्या वीस पुंगळ्यांपर्यंत सोपे वाटते. त्यानंतर मनगट खाली झुकते, शाफ्ट बेअरिंगमध्ये एका बाजूला दाबला जातो आणि काठ तिरका येऊ लागतो. यावर उपाय स्वस्त आहे : लाकडाच्या ठोकळ्यात मुठीच्या आकाराची खाच करून ड्रिल टेबलावर ट्रिमरच्या उंचीला टेकवून ठेवावा. एवढे केले तर नव्या यंत्राचे पैसे वाचतात.

डिवॉल्टच्याच डीसीएफ६८० या आठ व्होल्टच्या जायरो स्क्रूड्रायव्हरची शिफारस अनेकदा ऐकू येते, कारण त्याचा कमाल वेग ४३० फेरे आहे आणि कागदावर तो अगदी योग्य वाटतो. पण त्यात वेग आणि दिशा ठरते ती मनगट किती आणि कोणत्या बाजूला वळवले यावरून. स्क्रू बसवताना ही पद्धत सुखद आहे. ट्रिमरला जोडलेले यंत्र मात्र स्थिर आणि सरळ राहिले पाहिजे, आणि दर पुंगळीला मनगट वळवण्याची अट या गरजेच्या नेमकी विरुद्ध जाते. ठोकळ्यात बसवून वापरण्याचा मार्गही त्यामुळे बंद होतो. यंत्र उत्तम, काम दुसरे.

इम्पॅक्ट ड्रायव्हरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही : घेऊ नये. हलक्या भाराला त्याचा हातोडा चालू होत नाही हे खरे असले, तरी बहुतेकांचा कमाल वेग अडीच हजारांच्या पुढे असतो, समायोज्य क्लच नसतो, आणि पुंगळी अडकली की जो पहिला प्रतिसाद मिळतो तो ठोक्यांचा असतो. वायरवाल्या जुन्या ड्रिलची गोष्ट थोडी वेगळी आहे. एकाच गिअरचा, शून्यापासून अडीच हजारांपर्यंत जाणारा ड्रिल खालच्या वेगात कच खातो. पण वेग मर्यादित करणारी चकती ट्रिगरवर असेल आणि यंत्र पक्के बांधून पायाचा स्विच जोडता येत असेल, तर दोन्ही हात मोकळे राहतात आणि बॅटरीची चिंता उरत नाही. ट्रिगर दाबून ठेवणारे कुलूपबटण वापरून हात मोकळे करणे मात्र धोक्याचे, कारण काही अडकले तर यंत्र थांबवायला बोट शोधत जावे लागते.

बेंच ड्रिलचे आकर्षण अनेकांना असते आणि त्यात तथ्य आहे. फॉर्स्टरचा एक ट्रिमर तर खास त्यासाठीच बनवलेला आहे : पुंगळीची पकड टेबलावर आणि कटर स्पिंडलमध्ये. यंत्र सरळ उभे असते, कटर आऊट, म्हणजे केंद्रापासून डगमगत, फिरत नाही, खोलीचा अडथळा यंत्रातच असतो. पण पाच वेगांचे छोटे, स्वस्त बेंच ड्रिल सहसा मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांच्या खाली उतरत नाहीत, आणि खोलीचा अडथळा ढिला असला तर हँडलवरच्या जोरानुसार लांबी बदलते. ज्याच्याकडे बेल्टने वेग पुरेसा उतरवता येणारे जड यंत्र आहे त्याने ते जरूर वापरावे. केवळ छाटणीसाठी नवे विकत घेणे मला पटत नाही.

यंत्र निवडले तरी अर्धे यश जोडणीत असते, आणि याबद्दल विक्रेते फारसे बोलत नाहीत. लेथसारख्या ट्रिमरचा शाफ्ट स्वतःच्या दोन बेअरिंगांमध्ये सरळ फिरत असतो. त्याला फक्त फिरवणारा हवा असतो, दिशा देणारा नको असतो. चकमध्ये शाफ्ट घट्ट आवळून ड्रिल वेगळ्याच रेषेत धरला, तर दोघांची ओढाताण होऊन बेअरिंग झिजते. म्हणून षटकोनी अॅडॉप्टर आणि चुंबकीय बिट होल्डर यांच्यातली किंचित सैल बसणी इथे दोष नसून गुण आहे. बैलगाडीच्या जुवासारखी थोडी मोकळीक असली की दोन्ही आपापल्या चालीने चालतात. लीच्या संचात ही मोकळीक नसते, म्हणून तिथे चकचा दर्जा महत्त्वाचा ठरतो. पुंगळी फिरताना डोळ्यांनी आऊट दिसत असेल, तर स्टड काढून पुन्हा आवळावा.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. हाताने फिरवताना लांबी ठरवणारी कॉलर फ्रेमला क्षणभर टेकते आणि सुटते. यंत्राने चालवताना ती टेकल्यावरही शाफ्ट फिरत राहतो, घासतो आणि तापतो. फ्रेम थंड राहून शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी शाफ्ट वीस अंश सेल्सियसने तापला, तर तो सुमारे ०.०२३ मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ एक हजारांश इंचाने वाढतो. कमी वेगाने ही घासणी कमी होते. त्याखेरीज कॉलरच्या तोंडावर आणि बेअरिंगमध्ये तेलाचा एखादा थेंब, आणि कॉलर टेकल्याबरोबर ट्रिगर सोडण्याची सवय, एवढे पुरेसे आहे. मी दर पंचविसाव्या पुंगळीला व्हर्नियर लावतो आणि खालच्या गिअरमध्ये फरक एका हजारांशाच्या आत राहतो.

पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, टेकून लांबी ठरवणारे डब्ल्यूएफटीसारखे छोटे ट्रिमर मुळातच ड्रिलसाठी बनवलेले आहेत आणि त्यांना वरील हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे पुंगळी हाताने आत ढकलायची असते, पकडीत बसवण्याचा वेळच नसतो आणि एण्ड मिलसारखे कटर अधिक वेगाला नीट चालते. अशा ट्रिमरसाठी वरचा गिअर किंवा वायरवाला ड्रिल योग्य. तोंडाचे आतले-बाहेरचे बर (कापताना उरलेली खरखरीत कड) एकाच वेळी काढणारे तिहेरी कटर मात्र जास्त जोर मागते आणि खालच्या गिअरमध्येच खुलते. क्लच एक-दोन पायऱ्या वर घ्यावा लागतो एवढेच. साधे कटर असेल तर छाटणीनंतर बर हातानेच काढावे, ते काम यंत्राने उरकण्यात गंमत नाही आणि तोंड पातळ होण्याची भीती असते.

सुरक्षिततेच्या बाबतीत तीन गोष्टी. पितळाच्या बारीक तारा डोळ्यांकडे उडतात, म्हणून चष्मा हवाच. हातमोजे मात्र फिरत्या शाफ्टजवळ नकोत, आणि मनगटात लाल दोरा किंवा कडे असेल तर ते काढून किंवा बाहीत दाबून बसावे. छाटणी करताना टेबलावर बारूद आणि प्रायमर असता कामा नये, कारण ब्रश असलेल्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात, आणि स्वस्त ड्रिलमध्ये अशाच मोटरी असतात. झाडलेल्या पुंगळ्यांवर प्रायमरमधल्या शिशाचा अंश असतो, म्हणून काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नये.

आता खरेदीचा हिशेब. महिन्याला शंभराच्या आत पुंगळ्या आणि विल्सनचा ट्रिमर असेल, तर चार व्होल्टचा सरळ होणारा स्क्रूड्रायव्हर. फॉर्स्टर, लायमन किंवा लीचा ट्रिमर आणि महिन्याला दोन-चारशे पुंगळ्या असतील, तर बारा व्होल्टचा दोन गिअरचा ड्रिल. दोन बॅटऱ्या असलेला संच घ्यावा, म्हणजे मध्येच थांबावे लागत नाही. हजारांच्या घरात .२२३ छाटणाऱ्याने मात्र हातट्रिमरला यंत्र जोडण्याचा नाद सोडून जिरोसारख्या, मोटर आतच असलेल्या ट्रिमरसाठी पैसे साठवावेत. अॅडॉप्टर विकत घेण्याआधी आपल्या ट्रिमरच्या हँडलचा स्क्रू काढून शाफ्टचे टोक गोल आहे की चपटे, आणि त्याचा व्यास किती, हे व्हर्नियरने मोजून घ्यावे, कारण एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या ट्रिमरमध्येही ते वेगळे असू शकते.